बैल घरी आणायचे, मोटार आणत नाही

तालुक्याच्या गावी बाजारच्या दिवशी पूर्वी एक दृश्य हमखास दिसायचे. संध्याकाळी बाजार उठला की गुत्त्यावरून झुलत निघालेला एखादा गाडीवान बैलगाडीत आडवा व्हायचा. कासरा हातातून सुटलेला असायचा. पण बैल आपले शांतपणे वाट कापत त्याला घराच्या दारात आणून सोडायचे. घरधनीण नवऱ्याला शिव्या द्यायची आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवायची. गाडीवान शुद्धीत नसला तरी गाडी शुद्धीत असायची. टांग्याचेही तेच. घोड्याला वाट ठाऊक असे, समोर माणूस आला की तो थांबे.

श्रोतेहो, दारू पिऊन वाहन चालवण्याच्या प्रश्नाचा इतिहास इथूनच सुरू करावा लागतो. माणूस हजारो वर्षे पीत आला आणि पिऊन घरी परतत आला. पण त्या परतीच्या प्रवासात त्याच्याबरोबर दुसरा एक जीव असे, आणि त्या जीवाने काही घेतलेले नसे. मोटारीने हा दुसरा जीव काढून घेतला. आता गाडीत एकच मेंदू उरला आणि तोच झिंगलेला!

मी कवी माणूस, म्हणून एक गोष्ट सांगतो. फारसी आणि उर्दू गझलेत मदिरेचा सुकाळ आहे. साकी आहे, सुराही आहे, मैखाना आहे. पण त्या सगळ्या शायरीत मैखान्यातून बाहेर पडणारा माणूस बहुधा पायीच चालतो. तो अडखळतो, पडतो, कुणाच्या तरी उंबऱ्याशी बसून राहतो. फार तर स्वतःचे डोके फोडून घेतो. दुसऱ्याचा जीव त्याच्या हातात नसतो. म्हणून त्याच्यावर आपण प्रेम करू शकलो. त्याच्या हातात स्टिअरिंग दिले की ती शायरी तिथेच संपते.

जुन्या काळी शिक्षा नव्हत्या असे नाही. अलाउद्दीन खिलजीने दिल्लीत दारूबंदी केली होती. इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो, की बदायूं दरवाजाजवळ विहिरीसारखे खड्डे खणून पिणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना त्यांत टाकले जाई. कित्येक जण तिथेच मेले. तरीही नाना युक्त्यांनी शहरात दारू येतच राहिली. शेवटी सुलतानाने नमते घेतले. विकू नका, मैफली भरवू नका, घरात गुपचूप प्यायलात तर पाहणार नाही, अशी सूट दिली. पुढे जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला. त्याच्या पहिल्या बारा फर्मानांत मद्य बनवण्या-विकण्यावर बंदी आहे, आणि आपण स्वतः अठराव्या वर्षापासून पीत आलो आहोत हे त्याने त्याच ठिकाणी नोंदवून ठेवले आहे! बादशहाचा प्रामाणिकपणा मान्य करू; पण फर्मानाचे काय झाले असेल हे सांगायला नको.

या दोन्ही गोष्टींत शिक्षा पिण्याबद्दल आहे. पिणाऱ्याने दुसऱ्याचे काय केले, हा प्रश्न तिथे नाही. इस्लामी धर्मविचारात दोन शब्द आहेत : हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद. पहिला म्हणजे अल्लाहचे माणसावरील हक्क, दुसरा म्हणजे माणसांचे एकमेकांवरील हक्क. आमचे मौलवी सांगत आले, की पहिल्या बाबतीत चूक झाली तर अल्लाह दयाळू आहे, तो माफ करील. दुसऱ्या बाबतीत मात्र ज्याचे नुकसान झाले त्यानेच माफ करायला हवे. दारू माझ्या धर्मात हराम आहे, त्यामुळे पिणाऱ्याला झोडपून काढणे मला सोपे आहे असे अनेकांना वाटते. पण पिणे हा त्याचा आणि त्याच्या ईश्वराचा हिशेब आहे. पिऊन चाकामागे बसणे हा त्याचा आणि पदपथावर झोपलेल्या माणसाचा हिशेब आहे. हे दोन हिशेब एकाच वहीत लिहिले की दोन्ही चुकतात. आपल्याकडे बराच काळ नेमके हेच झाले.

ब्रिटनमध्ये मोटार येण्यापूर्वीच, १८७२ च्या मद्य परवाना कायद्यात एक कलम होते. सार्वजनिक रस्त्यावर घोडागाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन दारूच्या नशेत हाकणाऱ्याला ४० शिलिंगपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद. त्याच कलमात नशेत भरलेली बंदूक बाळगणाऱ्याचाही समावेश होता. गाडी आणि भरलेली बंदूक एका ओळीत बसवणारा तो मसुदाकार कोण होता कोण जाणे, पण त्याला विषय पुरता कळला होता. पुढे १० सप्टेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीचालकाने विजेवर चालणारी गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरील एका इमारतीवर नेऊन आदळली. मोटार चालवताना प्यायल्याबद्दल पकडला गेलेला तो पहिला माणूस मानला जातो. त्याने गुन्हा कबूल केला आणि २५ शिलिंग दंड भरला.

अडचण पुढे आली. माणूस ‘नशेत’ आहे हे ठरवायचे कसे? पोलीस त्याला सरळ रेषेत चालायला लावत, डॉक्टर तोंडाचा वास घेत, आणि वकील न्यायालयात सांगे की माझ्या अशिलाची चाल जन्मापासूनच अशी आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील एरिक विडमार्क यांनी रक्ताच्या थेंबांवरून मद्यार्काचे प्रमाण मोजण्याची पद्धत बसवली. नॉर्वेने १९३६ मध्ये कायदाच केला, की रक्तात ०.०५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा झाला. चाल कशी होती हा प्रश्नच नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात पोलीस दलातल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी श्वासावरून हे प्रमाण मोजणारे सुटसुटीत यंत्र तयार केले. आपले पोलीस रात्री नाक्यावर जी नळी तोंडासमोर धरतात, तिचे हे पूर्वज.

ब्रिटनमध्ये हे यंत्र रस्त्यावर आणले बार्बरा कासल या वाहतूकमंत्री बाईंनी, ऑक्टोबर १९६७ मध्ये. बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे टीकेचा भडिमार झाला. मद्यगृहांचे मालक चिडले, धमकीची पत्रे आली. त्या बधल्या नाहीत. १९६६ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर सुमारे आठ हजार माणसे मेली होती. १९६८ मध्ये हा आकडा ६,८०० च्या आसपास आला. पण गोष्ट इथे संपत नाही. लॉरेन्स रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने या कायद्याचा पुढे बारकाईने अभ्यास केला. त्याला दिसले, की काही वर्षांत सुधारणा ओसरली. कायदा तोच होता, शिक्षा तीच होती. लोकांच्या फक्त एवढे लक्षात आले होते, की आपल्याला पकडले जाण्याची शक्यता वाटली होती तेवढी नाही.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून कुठेही, कुणालाही, संशयाचे कारण नसताना थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली आणि ती वर्षानुवर्षे, मोठ्या संख्येने चालू ठेवली. त्या वर्षी तिथे रस्त्यांवर साडेबाराशे माणसे मेली होती. पुढच्याच वर्षी आकडा हजाराखाली आला आणि परत तेवढा वर गेला नाही. शिक्षेचा आकार बदलल्याने हे झाले नाही. आज आपण सापडू, असे प्रत्येकाला प्रत्येक रात्री वाटू लागले म्हणून झाले.

आता आपल्या घरात येऊ. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. हेतू चांगला होता. गरिबाच्या घरातील चूल विझू नये ही कळकळ त्यामागे होती. १९५९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क आढळला, तर आपण बेकायदा दारू प्यायलो नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली. नॉर्वेने जो आकडा गाडीवाल्यासाठी धरला, तोच आपण पिणाऱ्यासाठी धरला. मोटारीच्या कायद्यात मात्र, म्हणजे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात, वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल चढलेला असला तरच गुन्हा, अशी मोघम भाषा होती. म्हणजे खोलीत बसून प्यायलेल्याच्या रक्ताचा हिशेब सरकार टक्क्यांत ठेवत होते आणि ट्रक हाकणाऱ्याचा अंदाजाने!

नवा मोटार वाहन कायदा १९८८ साली झाला. त्यात आधी मद्याचा अंशही चालणार नाही असे होते. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड दहा हजार झाला, परत सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार. अनेक देशांच्या तुलनेत आपली मर्यादा कडक आहे. म्हणजे कायदा आपल्याकडे कमी नाही.

मग लोक पिऊन गाडी का चालवतात?

पहिले कारण शरीराचे आहे. मद्य आधी पाय अडखळवत नाही. ते आधी तारतम्य घालवते. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य म्हणजेच काहीतरी झाल्याचे पहिले लक्षण. दारू उतरवण्याचे काम यकृत आपल्या गतीने करते. तीस मिलिलिटरचा एक लहान पेग उतरायला साधारण तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो. लिंबूपाणी, कडक कॉफी, डोक्यावर ओतलेले गार पाणी, यांनी झोप उडेल. दारू उतरत नाही.

दुसरे कारण आपल्या चालीरीतींचे आहे. एका गावी कविसंमेलन आटोपल्यावर आयोजकांपैकी एक जण मला स्टँडवर नव्हे तर थेट घरी सोडायला निघाले. जेवणाआधी ते मागच्या खोलीत बसून आले होते, आणि ते लपतही नव्हते. मी म्हणालो, “साहेब, मी इथेच मुक्काम करतो, सकाळच्या एसटीने जाईन.” त्यांचा चेहरा पडला. “सर, आमच्यावर विश्वास नाही का? पंधरा वर्षं झाली, एक ओरखडा नाही गाडीला.” मी सतरंजीवर झोपलो. सकाळी ते भेटायला आले नाहीत. गृहस्थ भले होते, पाहुण्याला घरपोच करणे हा त्यांचा धर्म होता. आपल्याकडे किल्ली मागणे म्हणजे अपमान, गाडीत बसायला नकार देणे म्हणजे अविश्वास. दारूपेक्षा ही भीड जास्त माणसे मारत असेल, असे मला कधी कधी वाटते.

तिसरे कारण सोयीचे. हॉटेलाला, परमिट रूमला, ढाब्याला गाड्या लावायला प्रशस्त जागा असते. येणारा गाडीने येतो, हे मालकाला ठाऊक असते, सरकारला ठाऊक असते. रात्री बारानंतर बस नसते, रिक्षावाला दुप्पट मागतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला. त्यावर अनेक राज्यांनी काय केले? शहरातून जाणारे महामार्ग कागदावर महामार्ग राहू दिले नाहीत! रस्ता तोच, दुकान तेच, फक्त नाव बदलले. पुढे न्यायालयानेही शहरांच्या हद्दीपुरती सूट दिली.

आणि चौथे कारण सर्वांत मोठे. पंधरा वर्षे ओरखडा न उमटलेला तो माणूस पंधरा वर्षांत एकदाही पकडलाही गेला नव्हता. सरकारी आकडेवारीत २०२२ साली देशात अपघातात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत दारूचा वाटा काही थोड्या टक्क्यांचा दाखवला आहे. बहुतेक मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात आहेत. पण त्या वेगवान चालकाच्या पोटात काय होते, हे प्रत्येक वेळी तपासले जातेच असे नाही. जे मोजले जात नाही, ते कागदावर घडत नाही.

आता ज्यांच्यावर हे घडले त्यांच्याकडे पाहू. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पंधरा माणसे पदपथावर झोपली होती. रस्त्याच्या कामावरील मजूर ते. दिवसा जो रस्ता बांधायचा, रात्री त्याच्याच कडेला झोपायचे. एक मोटार त्यांच्या अंगावर गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क सापडला, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिने कैद आणि पाच लाख दंड दिला. लोक हादरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि हा निष्काळजीपणा नव्हे, सदोष मनुष्यवध आहे असे ठरवून तीन वर्षे सक्तमजुरी दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या निकालाचे महत्त्व मोठे आहे. भारतीय दंडविधानातील कलम ३०४ अ १८७० मध्ये आले. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे. एखाद्याच्या हातून कुंडी खाली पडून कुणी मेले तरी तेच, आणि बाटली संपवून भरधाव गाडी माणसांवर घातली तरी तेच! न्यायालयाने सांगितले, की पिऊन बेदरकारपणे गाडी हाकणाऱ्याला माणसे मरू शकतात याची जाणीव असते असे धरले जाईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजी मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली आहे. सदोष मनुष्यवधाचा दरवाजाही खुला आहे.

तरीही १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे झाले ते आपण विसरलेलो नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती महागडी मोटार, मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. देशभर संताप उसळला. लिहिणारा माणूस म्हणून मला वेगळेच दुःख झाले. लेखन ही काय शिक्षा आहे? आणि तीनशे शब्दांत दोन जिवांबद्दल कुणी काय लिहायचे? पण त्याहून गंभीर गोष्ट पुढे आली. मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याचा आरोप झाला आणि सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. विडमार्कपासून शंभर वर्षे शास्त्राने खपून रक्ताला साक्षीदार बनवले. तो साक्षीदारच बदलता येत असेल, तर शिक्षा पाच वर्षांची करा नाहीतर फाशीची करा, काय उपयोग?

म्हणून शिक्षा कशी असावी, यावर माझे म्हणणे सांगतो. फाशी, जन्मठेप अशा आरोळ्या अपघातानंतर आठवडाभर ऐकू येतात. अलाउद्दीनाच्या खड्ड्यांहून कठोर शिक्षा आपण देणार नाही, आणि ती पुरी पडली नव्हती. इटालियन विचारवंत बेक्कारिया याने १७६४ मध्येच सांगून ठेवले, की गुन्हा रोखण्याचे काम शिक्षेची क्रूरता करत नाही, तिची खात्री करते. आपल्याच देशात याची परीक्षा झाली आहे. नंतर नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह राजस्थान पोलिसांबरोबर २०१० आणि २०११ मध्ये रात्रीच्या नाकाबंदीचा प्रयोग केला. एकाच जागी रोज नाका लावला तिथे फारसा फरक पडला नाही. लोक दुसऱ्या वाटेने गेले. जागा बदलत ठेवली तिथे रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. मुंबईतही २००७ पासून वाहतूक पोलिसांनी मोहीम उघडली आणि दंडाधिकारी काही दिवसांची का होईना, कैद देऊ लागले, तेव्हा प्रतिष्ठितांच्या घरांत पहिल्यांदा ड्रायव्हर ठेवण्याची आणि टॅक्सी बोलावण्याची भाषा सुरू झाली.

तेव्हा नाकाबंदी ३१ डिसेंबरपुरती नको, वर्षभर आणि बदलत्या जागी हवी. सापडलेल्याचा परवाना लगेच गेला पाहिजे. दहा हजार रुपये रिक्षावाल्याला महिन्याची कमाई आहेत आणि कुणाला एका रात्रीचे बिल. परवाना जाणे मात्र दोघांनाही सारखेच झोंबते. ज्याच्या हातून माणूस मेला, त्याचा खटला वर्षाच्या आत निकाली निघावा. वांद्र्याच्याच २००२ मधील दुसऱ्या एका गाजलेल्या अपघातात खालच्या न्यायालयाचा निकाल यायला २०१५ उजाडले. शिक्षा झाली, आणि त्याच वर्षाअखेर उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. निकाल कोणताही असो, तेरा वर्षे ही आरोपीलाही शिक्षा आहे आणि मेलेल्याच्या बायकामुलांनाही.

आणि शेवटचे, हुकूकुल इबादचे. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. सरकारचे काय नुकसान झालेले असते? दिल्लीच्या १९९९ मधील लोदी रोडच्या प्रकरणात सहा जण मेले होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला पन्नास लाख रुपये अशा अपघातांतील पीडितांच्या भरपाईसाठी भरायला आणि दोन वर्षे समाजसेवा करायला सांगितले. तुरुंगाच्या जागी हे चालणार नाही. श्रीमंताने पैसे मोजून सुटावे, असा त्याचा अर्थ होता कामा नये. पण तुरुंगाबरोबर हे हवेच. मजुराच्या घरात जो जेवण आणत होता तो गेला, तर त्याच्या मुलांचे शिक्षण पुरे होईपर्यंत मारणाऱ्याने भार उचलावा, आणि तो कुणासाठी उचलतो आहे ते त्याला ठाऊक असावे.

कायदा रस्त्यावर भेटतो. त्याआधी आपण घरात, लग्नात, पार्टीत, संमेलनात भेटलेले असतो. यजमानाने गाडीची किल्ली मागून घ्यावी आणि अंथरूण घालून द्यावे. रागावला तर रागावू द्यावे. सकाळी तो भेटायला न येताच निघून गेला, तरी चालेल. तो गेला तो आपल्या पायांनी गेला आणि वाटेत कुणाच्या अंगावरून गेला नाही, एवढे पुष्कळ झाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)